दोनशे बाराव्या पानावरचा भाऊ

प्रिय ताई,

३१ डिसेंबरच्या रात्री मी ठरवलं, वर्षभरात ५२ पुस्तकं वाचायची. आठवड्याला एक, त्यात काय अवघड, असं तेव्हा वाटलं. सुट्टी होती, पहिल्या पंधरा दिवसांत चार झालीही. मग ऑफिस सुरू झालं, मार्चमध्ये सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मुलीची शाळा, तिची आजारपणं. तिला ताप आला तेव्हा माझी रोज वाचायची ४१ दिवसांची साखळी तुटली आणि नंतर तीन आठवडे पुस्तकाला हातच लावला नाही. आज वर्षाचे ३० आठवडे संपलेत आणि माझी १९ पुस्तकं झालीत. मोबाइलमधलं ॲप उघडल्याउघडल्या सांगतं, ‘तुम्ही ११ पुस्तकं मागे आहात.’

खरं सांगायचं तर त्या १९ मधली सात मी केवळ पातळ आहेत म्हणून उचलली, नव्वदेक पानांची. एक आवडत नव्हतं, ते १३० पानांवर सोडलं, म्हणजे ते यादीत धरताच येत नाही. आणि एक ६४० पानांची कादंबरी मनापासून वाचत होते. तिच्यात २१२ व्या पानावर नायिकेचा भाऊ अकरा वर्षांनी दारात येऊन उभा राहतो. तिथेच खूण घालून मी ती बाजूला ठेवली, कारण ही एक संपेपर्यंत चार-पाच बारकी झाली असती. त्याला आता सहा आठवडे झाले.

नवरा चिडवतो, “डिसेंबरात पेपर आहे का तुझा?” आठ वर्षांची मुलगी रोज विचारते, “आई, आज आपण किती मागे?”

आकडा कमी केला तर हरल्यासारखं वाटेल. वेगवाचनाचा कोर्स लावू का? ऑडिओबुक दुप्पट वेगानं ऐकलेलं चालेल का? की हे सगळं सोडूनच देऊ?

– मागे पडलेली

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या सहीनं तुम्हाला हाक मारायची जिवावर आलं, म्हणून हे संबोधन.

तुमच्या पत्रात आकडे भरपूर आहेत आणि त्यातला एकही तुमच्या बाजूनं बोलत नाही. मला ते खटकलं, म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसले. बारा पुस्तकं नेहमीच्या जाडीची असणार, सरासरी २५० पानं धरू, झाली ३०००. सात पातळ, नव्वदच्या हिशेबानं ६३०. सोडून दिलेल्या पुस्तकाची १३० पानं तुम्ही वाचलीत ना? मग तीही धरायची. शिवाय त्या कादंबरीची २१२. बेरीज ३९७२. तीस आठवड्यांचे दिवस २१०. म्हणजे रोजची १९ पानं. ऑपरेशनचे दिवस, तापाच्या रात्री, उशिरा घरी आलेल्या संध्याकाळी, पुस्तकाला हात न लावलेले ते तीन आठवडे, सगळं जमेस धरून रोज १९. एका पानाला दोन मिनिटं म्हटली तर अडतीस मिनिटं झाली. नोकरी, आजारपण आणि आठ वर्षांचं मूल असलेल्या घरातून रोज अडतीस मिनिटं काढणाऱ्या बाईला कुणी ‘मागे’ म्हणत असेल, तर त्याचंच घड्याळ तपासायला हवं.

आता दुसरी बाजू, तीही लपवत नाही. ५२ गाठायची तर ३३ पुस्तकं उरलीत आणि दिवस १५५. नेहमीच्या जाडीच्या हिशेबानं रोज ५३ पानं, म्हणजे पावणेदोन तास. ते होणार नाही. होईल असं सांगणारे भेटतील, पहाटे चारला उठा म्हणतील. झोप तुमची जाणार आहे, त्यांची नाही.

मग आत्ताच्याच गतीनं ५२ होतील का? होतील, पण एकाच वाटेनं. उरलेली ३३ च्या ३३ पुस्तकं नव्वद पानांची निवडायची. २९७० पानं, रोज १९. गणित चपखल बसतं. तुमच्या मनानं हे कागद न घेता ओळखलं होतं, म्हणून तर हात आपोआप पातळ पुस्तकांकडे जायला लागला. (पातळ पुस्तकांवर माझा राग नाही. नव्वद पानांत माणसाला हलवून सोडणारी पुस्तकं आहेत. फक्त ती जाडी बघून उचलायची नसतात.)

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये, करून बसलेय म्हणून सांगतेय. माझी वाचनाची एक वही आहे, रेघांची, दोनशे पानी. एका वर्षी मीही पन्नासचा पण केला होता. त्या वर्षाची पानं उघडली की सगळं उघड्यावर येतं. जानेवारीतल्या नोंदी तीन-तीन, चार-चार ओळींच्या आहेत: काय पटलं, कुठे कंटाळा आला, कुणाला वाचायला द्यायचं. ऑगस्टपर्यंत त्या एका ओळीवर आल्यात. डिसेंबरात नुसती नावं आणि पुढे बरोबरची खूण, इतक्या घाईत मारलेली की तिचं शेपूट वरच्या ओळीत घुसलंय. २० ते ३१ तारखेत अशी नऊ नावं आहेत. त्यातल्याच एका पुस्तकाबद्दल पुढे एकदा मैत्रिणीनं विचारलं, “शेवट पटला का गं तुला?” मी म्हटलं, “छानच आहे.” शेवट काय होता हे मला तेव्हाही आठवत नव्हतं, आजही आठवत नाही. वहीप्रमाणे मात्र ते पुस्तक मी वाचलेलं आहे. पन्नास पूर्ण झाली होती त्या वर्षी, एकावन्नावं सुरूही केलं होतं.

मग आकडा सोडूनच द्यायचा? इथे माझं मत जरा आडवं जातं. ‘वाचन आनंदासाठी असतं, त्यात आकडे कसले मोजता’ हे ऐकायला गोड आहे. ज्यांना दुपारचे दोन तास कुणी हाक मारत नाही, त्यांनी ते म्हणावं. बाकीच्यांच्या घरात ‘मला वाचायचंय’ हे वाक्य कुणाला ऐकू जात नाही. ‘हो, वाच की, पण आधी जरा तेवढं…’ असं उत्तर येतं आणि ते ‘तेवढं’ रात्री साडेदहाला संपतं. पुस्तक घेऊन बसलेलं माणूस घरच्यांना रिकामं दिसतं. तेच ‘माझी आज दहा पानं राहिलीत’ म्हणून बघा. ते कामासारखं ऐकू येतं. दहा पानांपुरतं दार लोटून घेतलं तरी कुणी ते ढकलत नाही. आकड्याचा उपयोग हा आहे. तो घरात सांगायला आहे, तुम्हाला वेळ मिळवून द्यायला आहे. तेवढं काम त्यानं करावं आणि गप्प बसावं. कुठलं पुस्तक घ्यायचं, कुठलं टाकायचं, कुठे रेंगाळायचं यात त्याला तोंड घालू द्यायचं नाही. तुमच्याकडे उलटं झालंय: पुस्तकं तो निवडतोय, आणि घरात मात्र त्याची चेष्टा होतेय.

तेव्हा आकडा ठेवा, पण माप बदला. ‘एक पुस्तक’ हे माप फार लबाड आहे. नव्वद पानांचं तेही एक आणि ६४० पानांचं तेही एक. त्याऐवजी पानं धरा, आणि रोजची न धरता आठवड्याची धरा. १९ गुणिले ७ म्हणजे १३३, आपण १३० म्हणू. बुधवारी शून्य झालं तर रविवारी भरून निघतं, आणि नाही निघालं तर पुढचा सोमवार कोरा असतो, थकबाकी पुढे न्यायची नाही. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाची पानं धरायची. दुसऱ्यांदा वाचलेली धरायची. मुलीला मोठ्यानं वाचून दाखवलेली तर धरायचीच, त्याला जास्त वेळ लागतो. पानांचे आकार निरनिराळे, टाइप बारीक-मोठा, असा आक्षेप तुम्ही घ्याल. खरा आहे. तो फारच टोचत असेल तर पानांऐवजी मिनिटं लिहा.

ॲप कुठलं ते तुम्ही लिहिलं नाहीत. गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळानं हे वार्षिक वाचन-आव्हान २०११ मध्ये सुरू केलं, तिथे आकडा वाचणाऱ्यानंच टाकायचा असतो आणि वर्षाच्या मध्यातही बदलता येतो. तुमच्याकडे तशी सोय असेल तर ५२ खोडा आणि ३० टाका. हा ३० मी हवेतून काढलेला नाही. उरलेले २२ आठवडे, आठवड्याला १३० पानं, म्हणजे २८६०. त्यातली ४२८ त्या कादंबरीची. उरलेल्या २४३२ मध्ये नेहमीच्या जाडीची जवळजवळ दहा बसतात. १९, १ आणि १०. दहावं थोडं रेटावं लागेल, तेवढं चालतं.

हरल्यासारखं वाटेल म्हणता. पण ५२ आला कुठून? वर्षात तेवढे आठवडे असतात म्हणून. तो आकडा कॅलेंडरकडे बघून ठरला, आणि तोही सुट्टीतल्या, भरपूर झोप झालेल्या एका बाईनं ठरवला. ३० हा तुमच्या सात महिन्यांकडे बघून आलाय. माप न घेता शिवलेला कपडा अंगात शिरला नाही तर आपण शिंप्याला बोलतो, अंगाला नाही.

आता कोर्स. पैसे वाचवा. तुमचा वेग कमी आहे असं तुम्हाला वाटतंय, तर ते आधी तपासू. मार्क ब्रिसबार्ट या संशोधकानं २०१९ मध्ये वाचनाच्या वेगावरचे १९० अभ्यास एकत्र मांडले. इंग्रजी मनात वाचणाऱ्या प्रौढांचा सरासरी वेग निघाला मिनिटाला ललितेतर मजकुराचे २३८ शब्द आणि ललित मजकुराचे २६०. हे आकडे मराठीला जसेच्या तसे लावू नका. ‘घरासमोरच्या झाडाखाली’ हे आपले दोन शब्द. एवढंच इंग्रजीत सांगायला आठ लागतात. मराठीत मिनिटाला शब्द कमीच भरणार, म्हणून आपण संथ ठरत नाही. घड्याळ लावून वीस मिनिटं वाचा आणि पानं मोजा. एकदा कादंबरीवर, एकदा लेखांवर, एकदा एखाद्या जड विषयाच्या पुस्तकावर. तीन वेगळे आकडे येतील आणि ते तिन्ही तुमचेच वेग आहेत.

आणि वेगवाचन म्हणाल, तर कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये त्यावरच्या संशोधनाचा सविस्तर आढावा घेतला. समज तशीच ठेवून वेग दुप्पट-तिप्पट करता येतो याला त्यांना आधार मिळाला नाही. वेग फार वाढवला की समजणं कमी होतं. ऑफिसातला अहवाल चाळायला ते ठीक आहे. दारात उभ्या असलेल्या भावाला चाळून काय करायचंय?

ऑडिओबुक खुशाल ऐका आणि मोजाही. दुप्पट वेग मला आवडत नाही, हा माझा हेका समजा. चांगला वाचणारा मध्येच अर्धा क्षण थांबतो, तो थांबाही गोष्टीतलाच असतो. वेग वाढवला की पहिला बळी त्याचा जातो.

साखळीबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण तुमचं खरं नुकसान तिथे झालंय. ॲपमध्ये नव्हे, त्या तीन आठवड्यांत. मुलगी तापानं फणफणलेली असताना पुस्तक कुणाला सुचतं? ते दिवस गेले ते जाणारच होते. पण ४१ चा शून्य झाला आणि तुम्हाला वाटलं, आता काय उरलं. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा सवयींवरचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९६ जणांनी रोज एक नवी गोष्ट करायची ठरवली, कुणी खाण्यातली, कुणी व्यायामातली, आणि १२ आठवडे त्यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. त्या नोंदींवरून बांधलेल्या अंदाजानं गोष्ट अंगवळणी पडायला लागणारा काळ माणसागणिक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत निघाला, मधला आकडा ६६. त्यात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे, की एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे चुकलेला दिवस स्वस्तात जातो. महाग पडतं ते त्याच्यावर रुसून बसणं. साखळी मोजणारी ती खिडकी ॲपमधून बंद करता येत असेल तर बंद करा. ‘११ मागे’ची सूचनाही.

सोडलेल्या पुस्तकाचं तुम्ही इतकं मनाला लावून घेतलंत, म्हणून दोन ग्रंथपालांची साक्ष काढते. नॅन्सी पर्ल या अमेरिकी ग्रंथपाल बाईंचा नियम असा, की पुस्तकाला ५० पानं द्यायची, नाही पटलं तर मिटायचं. वयाची पन्नाशी उलटली की १०० मधून वय वजा करायचं आणि येतील तेवढीच पानं द्यायची. मला हा नियम वर्षागणिक जास्त आवडायला लागलाय. दुसरे एस. आर. रंगनाथन. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा: वाचकाचा वेळ वाचवा. तो ग्रंथपालांसाठी आहे, मी तो माझ्या सोयीनं वापरते. मराठीत त्यात ‘वाच’ दोनदा येतं, म्हणून तो विसरतही नाही. तुम्ही तर १३० पानं दिलीत. सौजन्याची हद्द झाली.

एकाच वेळी दोन पुस्तकं चालू ठेवा. मोठं घरी, एका ठरलेल्या जागी, हाताशी. पिशवीत दुसरं, तुकड्या-तुकड्यांचं: कथा, लेख, पत्रं. सासूबाईंना डॉक्टरकडे नेलं की बाहेर बसावं लागतं, मुलीचा वर्ग सुटायला दहा मिनिटं असतात, तिथे ६४० पानांचं धूड काढण्यात अर्थ नसतो. फोनबद्दल तुम्हाला सांगायला नको. तो दुसऱ्या खोलीत असला की पानं आपोआप वाढतात, एवढंच.

नवऱ्याला सांगा, पेपर नाहीये, पण रोज संध्याकाळी वीस मिनिटं सुपरव्हिजन तुझ्याकडे आहे. खोलीत कुणी शिरायचं नाही.

मुलगी ‘आपण’ किती मागे म्हणते, ते वाचून मी थोडा वेळ थांबले. ती तुमच्या बाजूनं खेळतेय आणि तिला खेळाचा एकच नियम कळलाय, मागे असणं. तिला काम द्या. आठ वर्षांची आहे, बेरीज येते. आठवड्याच्या पानांचा तक्ता तिच्याकडे सोपवा, दर रविवारी तिनं बेरीज करून लिहावी. तिनं स्वतः वाचलेली पानंही शेजारच्या रकान्यात. आणि यापुढे ‘किती मागे’ विचारलं की पान नंबर सांगा आणि तिथे काय चाललंय तेही. मुलांना गोष्टीत कुठे पोचलो हे विचारायला जास्त आवडतं, बघा तुम्ही.

आता ती कादंबरी. सहा आठवड्यांच्या खंडानंतर लोक एक चूक करतात, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात आणि ८० पानांवर परत दमतात. तसं करू नका. खुणेपासून थोडं मागे जा. एक चिठोरं घ्या, त्यावर मुख्य चार-पाच जणांची नावं आणि कुणाचं कोण एवढं लिहा; एखादं आठवलं नाही तर मागची पानं उलटून शोधा. तेच चिठोरं खूण म्हणून वापरा, पुन्हा खंड पडला तर तेच उपयोगी येईल. उरलेली ४२८ पानं तुमच्या रोजच्या १९ नं सव्वातीन आठवड्यांत होतात. त्या काळात आकडा फक्त एकानं वाढेल. वाढू दे.

सहा आठवडे तो भाऊ दारात उभा आहे. आज रात्री १९६ व्या पानापासून निघालात तर १७ पानांत त्याच्यापाशी पोचाल आणि वर दोन पानं उरतील. तेवढ्यात बहीण त्याला आत घेते का, ते मला कळवा.